साप्ताहिकं मी आता वर्षभर उशिरा वाचते

चिपळूणला आमच्या घरात दोन राजकीय साप्ताहिकं यायची, अण्णांचं समाजवादी साधना आणि काकांचं संघाच्या विचाराचं विवेक. अण्णा म्हणजे माझे वडील, शाळेत मास्तर, सेवा दलातून आलेले, नाथ पैंचं नाव काढलं की आवाज बदलायचा. काकांचं बाजारात स्टेशनरीचं दुकान आणि सकाळची शाखा. घर एकच, चूल एकच, अंक दोन. शिवाय ग. वा. बेहेऱ्यांचा 'सोबत' हा अंक यायचा तो दोघं वाचायचे, काका मजेने आणि अण्णा चिडायला. माजगावकरांचा 'माणूस' हा अंक मात्र गावच्या वाचनालयातून, वाचन मंदिरातून, आणायला लागायचा, तिथे नंबर लावायचा, आणि मिळाला की रात्रीत संपवून परत द्यायचा कारण पुढे कोणीतरी वाट बघत असायचंच.

पोस्टमनने अंक टाकला की पहिला हक्क ज्याची वर्गणी त्याचा. मग दोन दिवसांनी अदलाबदल. ही अदलाबदल प्रेमापोटी नव्हती हां, समोरच्याने काय लिहिलंय ते कळल्याशिवाय भांडता येत नाही म्हणून होती. अण्णा निळ्या पेन्सिलीने समासात लिहायचे, काका लाल बॉलपेनने. 'खोटे.' 'आकडा कुठला?' 'हे तुमचेच लोहिया म्हणाले होते.' मी शाळेतून आले की आधी समास वाचायचे, मग लेख, आणि खरं सांगायचं तर बरेचदा नुसते समासच, कारण लेखातलं निम्मं डोक्यावरून जायचं आणि समासात मात्र साधी सरळ मारामारी असायची.

त्यातला एक अंक मला नीट आठवतो, १५ ऑगस्ट १९७२ चा साधनाचा विशेषांक, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून काढलेला. अनिल अवचटांनी संपादन केलेला आणि त्यात दलित पँथरच्या राजा ढाल्यांचा लेख, ज्यावरून सगळ्या महाराष्ट्रात गदारोळ झाला. झेंड्याचा अपमान केला तर तीनशे रुपये दंड आणि दलित बाईचं लुगडं फेडलं तर पन्नास, असा तो मुद्दा, आणि पुढे जे लिहिलं होतं ते आमच्यासारख्या पोरांच्या हाती लागू नये म्हणून अंक फडताळात वर ठेवलेला. अर्थातच आम्ही स्टूल लावून काढला. काकांनी लाल शाईत 'देशद्रोह' लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या. अण्णांनी निळ्यात 'भाषा वाईट. प्रश्न खरा.' पण मला आठवतेय ती आई. ती कधी हे अंक वाचायची नाही, तिला वेळच नसायचा. मी पकडले गेले तेव्हा तिने माझ्या हातून अंक घेतला, तिथेच उभ्या उभ्या ते पान वाचलं, आणि मला मारायचं विसरून म्हणाली, "पन्नास रुपये?" झेंड्याबद्दल काही नाही, ढाल्यांबद्दल काही नाही. घरातल्या दोन पुरुषांनी आठवडाभर त्या लेखावर वाद घातला आणि त्या आकड्यावर कोणीच थांबलं नव्हतं. हे मला तेव्हा कळलं असं म्हणणार नाही, अकरा वर्षांच्या पोरीला काय कळणार, पण पुढे ते डोक्यात राहिलं एवढं खरं.

आणीबाणीत काकांना नेलं. येरवड्याला होते. घरात पोलिस येऊन गेल्यावर आईने पहिलं काय केलं असेल तर माळ्यावरचे विवेकचे गठ्ठे आणि सोबतीला साधनाचेही, दोन्ही पोत्यात भरून गोठ्यात गवताखाली टाकले, तिला कुठलं चालतं आणि कुठलं चालत नाही ह्या भानगडीत पडायचंच नव्हतं. त्या एकवीस महिन्यांत छापील कागदाचं काय झालं ते मला नंतर मोठेपणी वाचून समजलं. दिल्लीच्या सेमिनार मासिकाने सेन्सॉरकडे मजकूर पाठवण्यापेक्षा अंक काढणंच बंद केलं. मुंबईत मिनू मसानींचं फ्रीडम फर्स्ट नावाचं छोटंसं इंग्रजी मासिक होतं, सेन्सॉरने त्यांचे लेख अडवले तर ते सरळ हायकोर्टात गेले आणि १९७६ साली, आणीबाणी चालू असताना, जिंकले. सगळ्या नियतकालिकांनी एका सुरात बोलावं हे बघणं सेन्सॉरचं काम नाही असं कोर्टाने स्वच्छ लिहिलं. मसानी म्हणजे स्वतंत्र पक्षवाले, अण्णांच्या लेखी भांडवलदारांचे वकील. पण हे प्रकरण कळल्यावर अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा मसानींबद्दल 'त्यांना मानलं पाहिजे' असं म्हटलं, काका सुटून आले होते, ते लगेच म्हणाले "लिहून दे".

७७ साली इंदिराबाई पडल्या तेव्हा आमच्या घरात दोन्ही साप्ताहिकं पहिल्यांदाच एका बाजूची झाली. जनता पक्ष! मला वाटतं आमच्या घराचा तो सगळ्यात सुखाचा काळ होता, आणि वाचायला सगळ्यात कंटाळवाणा. समास कोरे. दोन्हीकडे तेच लिहिलेलं, तीच लोकशाहीची पहाट. मग दुहेरी सदस्यत्वाचा वाद निघाला, संघाचं सभासदत्व ठेवून जनता पक्षात राहता येईल का वगैरे, आणि मधु लिमये विरुद्ध बाकीचे हे भांडण दिल्लीत जेवढं पेटलं त्याहून जास्त आमच्या पडवीत. १९७९ च्या जुलैत सरकार गेलं. त्यानंतर अंकांची अदलाबदल बंद झाली, कोणी ठरवून नाही, आपोआप. ज्याचा अंक त्याच्या खोलीत.

मी बॅंकेत लागले ते मुंबईत, ८२ साली, राहायला डोंबिवली. लेडीज डब्यात साप्ताहिक वाचणारी बाई म्हणजे तेव्हा बघण्यासारखी गोष्ट होती, बाकीच्या भाज्या निवडतायत, विणतायत, आणि ही बया ईपीडब्ल्यू उघडून बसलीये. ईपीडब्ल्यू म्हणजे इकॉनॉमिक ॲण्ड पोलिटिकल वीकली, सचिन चौधरींनी १९४९ साली सुरू केलेल्या इकॉनॉमिक वीकलीचा १९६६ पासूनचा अवतार, निघायचं मुंबईतूनच, आणि दिसायला इतकं रुक्ष की शेजारीण म्हणाली होती, "परीक्षा आहे का गं?" आमच्या युनियनच्या कपाटात यायचं ते. कळायचं का सगळं? छे. पण हातात असलं की बरं वाटायचं.

त्या वयात वाचायची पद्धत माझी अगदी अण्णांचीच. बाजू आधी ठरलेली आणि मग तिच्यासाठी दारूगोळा. ९० च्या ऑगस्टमध्ये व्ही. पी. सिंगांनी मंडल जाहीर केलं तेव्हा बॅंकेत लंच टाईमला जे काही चालायचं ते आठवलं तरी आता घाम फुटतो, मी मंडलच्या बाजूची, आणि माझ्याकडे फाईल होती, चक्क फाईल, लेबल लावलेली, 'आरक्षण', 'शहाबानो', 'देवराला', 'अयोध्या', साप्ताहिकांतली कात्रणं. कोणी काही बोललं की दुसऱ्या दिवशी कात्रण आणून समोर ठेवायचं. कोणाचं मत बदललं का त्याने? एकाचंही नाही. उलट एक सहकारी स्वतःची फाईल घेऊन यायला लागला.

बायकांची म्हणून जी मासिकं होती त्यांनी मला थोडं वेगळ्या वळणावर नेलं हे इथे सांगितलं पाहिजे. दिल्लीचं मानुषी आधीपासून अधूनमधून मिळायचं, ८९ मध्ये विद्या बाळांनी मिळून साऱ्याजणी काढलं. राजकीय साप्ताहिकं वाचणाऱ्या पुरुषांच्या मते ही 'कौटुंबिक' मासिकं. पण रूपकंवरला राजस्थानात देवराल्यात सती म्हणून जाळलं तेव्हा, सप्टेंबर ८७, मोठ्या मोठ्या राजकीय अंकांमध्ये परंपरा विरुद्ध आधुनिकता ह्यावर पानंच्या पानं आणि त्या अठरा वर्षांच्या मुलीच्या घरात, शेजारात, त्या दिवशी काय झालं हे विचारणारं फार थोडं. ते ज्यांनी विचारलं त्या बहुतेक बायका होत्या. तेव्हापासून एक खोड लागली, लेख हातात आला की आधी बघायचं हा माणूस जागेवर गेला होता का.

ही खोड पक्की झाली ती एन्रॉनमुळे, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पामुळे, आणि तो विषय माझ्यासाठी पेपरातला नव्हता. प्रकल्पाची जागा अंजनवेल, आमच्यापासून तासा-दीड तासावर. गुहागर तालुक्यात नात्यातली माणसं. काहींच्या जमिनी गेल्या, काहींचे डंपर लागले, एकाच कुटुंबात एक भाऊ मोर्चात आणि दुसरा कंत्राटात. ९३ ला करार झाला. आणि गंमत अशी की पुन्हा एकदा अण्णा आणि काका एका बाजूला आले! अण्णा जनआंदोलनांच्या बाजूने विरोधात आणि काका स्वदेशी जागरण मंचाच्या बाजूने विरोधात. दोघं सत्तरीच्या आसपास, सोळा वर्षांनी परत अंकांची अदलाबदल सुरू, मी गणपतीला गेले तर पडवीत दोघं शेजारी शेजारी बसून एकमेकांचे अंक वाचतायत, मला वाटलं स्वप्नात आहे की काय.

तर एन्रॉनवर त्या दोन वर्षांत जेवढं छापून आलं तेवढं मी जवळजवळ सगळं वाचलंय असं म्हणायला हरकत नाही. एका बाजूला नवी ईस्ट इंडिया कंपनी, दुसऱ्या बाजूला हे गेलं तर देशात परदेशी पैसाच येणार नाही, मधे अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा. आणि ह्या सगळ्या गदारोळात जून ९५ च्या ईपीडब्ल्यूमध्ये पुण्याच्या प्रयास गटातल्या इंजिनियर मंडळींचा एक लेख आला, वीज खरेदी कराराची उकल. त्यात ना ईस्ट इंडिया कंपनी, ना भारतमाता. कराराची कलमं आणि गणित. मी तेव्हा बॅंकेत कर्ज विभागात होते, प्रोजेक्ट रिपोर्ट वाचणं हे रोजचं काम, त्यामुळे हा लेख मी पेन्सिल घेऊन बसून वाचला, रविवारची दुपार गेली त्यात. मुद्दा असा, की राज्य वीज बोर्डाने वीज उचलली काय नाही उचलली काय, प्रकल्पाचा स्थिर आकार भरायचाच आहे, आणि तो डॉलरशी बांधलेला. म्हणजे रुपया पडला की बिल वाढणार, आणि वीज महाग म्हणून कमी उचलली तर प्रत्येक युनिट आणखी महाग पडणार. बास. हे एवढंच, पण आकड्यांनिशी.

मी ते काकांना समजावून सांगितलं, मराठीत, कागदावर. काका दुकानदार माणूस, त्यांना गणित कळायला दोन मिनिटं लागली. म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईक आलं नाही तरी भाडं चुकत नाही." शिवसेना-भाजप युतीचं सरकार तोवर आलेलंच होतं, त्यांनी ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला आणि सहा महिन्यांच्या आत वाटाघाटी करून परत मोठा करून आणला. काकांच्या अंकांचा सूर हळूच बदलला. अण्णांनी तो प्रसंग वाया जाऊ दिला नाही हे सांगायला नकोच. पण काकांनी माझा तो कागद घडी करून दुकानाच्या गल्ल्यात ठेवला होता, आणि २००१ मध्ये युनिटचा दर सात रुपयांच्या वर जाऊन बोर्डाने वीज घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला, वर्षाअखेरीला तिकडे अमेरिकेत एन्रॉनच दिवाळ्यात निघाली, तेव्हा त्यांनी मला फोन केला. एसटीडी. "तुझा कागद बरोबर निघाला." माझा नव्हता तो, प्रयासवाल्यांचा होता, पण असो.

मी त्याच सुमारास त्या काळातले बाकीचे लेख परत काढून पाहिले, फाईलमध्ये होतेच. बहुतेक वाचवेना. लिहिणारे काही वाईट नव्हते, त्यातले काही तर माझे लाडके लेखक होते. पण त्यांना एन्रॉनबद्दल काही सांगायचंच नव्हतं, त्यांना ते स्वतः कोण आहेत ते सांगायचं होतं, आणि ९५ साली मलाही तेच हवं होतं.

मग पुढची दहा-पंधरा वर्षं सरळ उताराची, फार सांगण्यासारखं नाही. टीव्हीवर रात्री नऊला आठ जण आठ चौकटीत बसून ओरडायला लागले आणि साप्ताहिकात मंगळवारी जे मत वाचायचं ते शुक्रवारीच ऐकून झालेलं असायचं. चकचकीत इंग्रजी अंक मीही लावले होते, डोंबिवलीच्या पेपरवाल्याकडे खातं होतं, पण मुखपृष्ठ बघितलं की आत काय आहे ते कळायचं, पहिली दोन वाक्यं वाचली की शेवटची दोन सांगता यायची. वर्गणी मात्र भरत राहिले. ही आमच्या पिढीची एक विचित्र गोष्ट आहे, वाचत नाही पण बंद करवत नाही, बंद केलं तर आपण कोणीतरी राहिलो नाही असं काहीतरी. अंक रॅपरसकट पडून राहायचे. नवरा म्हणायचा रद्दीवाल्याला डायरेक्ट पत्ता दे, मधला फेरा वाचेल.

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी डॉ. दाभोलकरांना पुण्यात पुलावर मारलं. ते १९९८ पासून साधनाचे संपादक होते. त्या दिवशी मी माझ्या घरातले न फोडलेले अंक जमवून बसले, त्यांची संपादकीयं वाचायला. रडायला वगैरे नाही, जरा लाज वाटत होती म्हणा. एवढं एक सांगते आणि पुढे जाते, त्यावर लिहिण्याइतकं माझ्याकडे काही नाही.

रिटायर झाल्यावर आम्ही चिपळूणला परत आलो. अण्णा, काका दोघंही गेलेले, घर मधल्या काळात बंदच होतं जवळपास. मी डोंबिवलीहून माझे गठ्ठे आणले, माळ्यावर अण्णा-काकांचे होतेच, तीन आयुष्यांची साप्ताहिकं एका घरात झाली. कोविडमध्ये निवांत लावू म्हटलं. आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी घरात आली.

२००५ चा पूर आम्ही इथे नव्हतो, ऐकून माहीत. हा पाहिला. पहाटे अंगणात, दोन तासांत पहिल्या मजल्याच्या जिन्यावर. आम्ही वर होतो, जिवाला काही झालं नाही. खालच्या खोलीत कपाटात माझे सगळे अंक, आणि जागा नव्हती म्हणून अण्णा-काकांचे काही गठ्ठे तिथेच आणून ठेवलेले. पाणी ओसरल्यावर काय चिखल असतो तो ज्याने काढलाय त्यालाच माहीत, फावड्याने काढायचा, वाळला की सिमेंट. गावातल्या वाचन मंदिराचंही फार नुकसान झालं, १८६४ सालची संस्था, किती पुस्तकं गेली. त्यापुढे माझी रद्दी कुठे.

पण एक गोष्ट बघायला मिळाली ती अशी. ते चकचकीत कागदाचे अंक होते ना, आर्ट पेपरचे, ते भिजून एकमेकांना चिकटले आणि त्यांच्या अक्षरशः विटा झाल्या. पान सुटेना. सुरीने प्रयत्न केला तर थर निघून यायचा आणि मंत्र्याचा अर्धा चेहरा हातात. कागदावर जो गुळगुळीत थर देतात तो पाण्याने विरघळतो आणि वाळताना गोंदासारखा धरतो, असं मला नंतर प्रेसवाल्या एका ओळखीच्यांनी सांगितलं. आणि साधा न्यूजप्रिंट, तो खरखरीत, पिवळा पडलेला, साधना, विवेक, माणूसचे दोन-चार अंक, ते दोरीवर टाकले, पंख्याखाली ठेवले, मधे मधे टिपकागद घातले, आणि बऱ्यापैकी वाचले. डाग पडले, वाकडे झाले, पण पान उलटतं. निळी पेन्सिल तशीच राहिली. लाल बॉलपेन पसरलं, कडेला गुलाबी ढग झालेत, पण अक्षर लागतं.

वाळत घालताना माणूस वाचतोच. एकेक पान हातात येतं, क्रम नाही काही, ७४ नंतर ९१ नंतर ६८. आणि इतक्या वर्षांनी मी परत साप्ताहिक वाचायला लागले ती अशी, चुलीशेजारी ओले अंक धरून. मजा यायला लागली. मार्च-एप्रिल २००४ चा एक अंक, त्यात 'पुन्हा अटलजी' ह्याबद्दल कोणाला शंकाच नाही, विरोधकांच्या लेखकालाही नाही, तो फक्त किती जागांनी ते सांगतोय, आणि मे महिन्यात काय झालं ते आपल्याला माहितीये. पण त्याच अंकात मागे कुठेतरी आंध्रातल्या एका जिल्ह्यात शेतकऱ्यांना बियाणं कोण उधार देतं, व्याज काय लावतं, ह्यावर चार पानं. निकाल त्या चार पानांत होता म्हटलं तरी चालेल, लिहिणाऱ्याने निवडणुकीचं नावही घेतलेलं नाही. अवचटांचे बिहारवरचे लेख माणूसमध्ये आले होते ते असेच, पन्नास वर्षं झाली, आजही वाचताना आपण त्या घरात जाऊन बसतो. त्याच वेळचे अग्रलेख वाचा, कोण कोणावर चिडलंय तेच समजत नाही.

जाहिरातीही बघण्यासारख्या. साखरसम्राटांवर आसूड ओढणारा दिवाळी अंक, आणि पान उलटलं की सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनचा फोटो, हार्दिक शुभेच्छा. अण्णांनी तिथे समासात काही लिहिलेलं नाही. काकांनी लिहिलंय.

तेव्हापासून मी जी पद्धत लावलीये ती लोकांना विचित्र वाटते पण मला मानवली. दोन वर्गण्या आहेत, एक माझ्या बाजूची आणि एक बरोबर उलटी. अंक आला की रॅपर काढायचं (नाहीतर दमटाने चिकटतो, कोकण आहे), तारीख वर लिहायची आणि वरच्या मजल्यावर ठेवायचा. किमान वर्षभर हात लावायचा नाही. मग उघडायचा. वर्षभराने त्यातल्या बातमीचा निकाल लागलेला असतो, त्यामुळे आपल्याला राग यायचा बंद होतो, आणि राग नसला की मग माणूस काय म्हणतोय हे पहिल्यांदा ऐकू येतं. अग्रलेख शेवटी, वेळ उरला तर. पहिली वाचकांची पत्रं, कारण त्यात एखादा निवृत्त तलाठी किंवा नर्स अशी एक ओळ लिहून जाते जी संपादकाला सुचली नसती. मग कोणी गेल्याचे मृत्युलेख. मग जिथे लेखक घराबाहेर पडलाय असे लेख, आणि त्याबाबतीत बाजू कुठली हे खरंच फार बघावं लागत नाही, विवेकमध्ये वनवासी भागातल्या एखाद्या वसतिगृहाचा नीट बघून लिहिलेला रिपोर्ताज आणि साधनामध्ये ऊसतोड कामगारांचा, हे दोन्ही लिहिणारे एकमेकांशी बोलले तर त्यांचं जमेल असं मला वाटतं. अग्रलेखवाल्यांचं जमणार नाही.

सगळं उशिरा वाचून चालतं असं माझं म्हणणं नाही. मतदानाला जायचं तर त्या आठवड्याचं काहीतरी माहीत हवं, त्यासाठी पेपर आहे, रोजचा, तो वाचतेच. आणि ज्या अंकांनी आणीबाणीत त्या त्या आठवड्याला छापायची हिंमत केली ते जर कोणी वर्षभराने उघडले असते तर काय उपयोग होता. तरुण माणसाने माझ्यासारखं करावं असं तर अजिबात नाही, त्यांनी भांडावं. माझं वय झालंय, मला प्रेशरची गोळी आहे.

ह्यात सामील कोण झालं तर काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, पुण्यात असतो. २०१४ पासून आमचं बोलणं म्हणजे फॅमिली ग्रुपवरचे टोमणे, मधे दोन वर्षं तर तेही नाही, त्याने ग्रुप सोडला होता, का ते आता कोणालाच आठवत नाही. पुरानंतर मदतीला आला, राहिला चार दिवस, चिखल काढला, काकांचे अंक त्यानेच वाळवले. जाताना एक गठ्ठा मागून घेऊन गेला. आता आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी पार्सल करतो एकमेकांना, जुने अंक, वाचून झालेले. बोलायचं ते फक्त त्या अंकातल्या तारखेपुरतं, पुढचं काढायचं नाही असा नियम आहे, आणि तो दादाच जास्त मोडतो.

परवा त्याचा फोन आला. माझं सध्या जून २०२२ चालू आहे, शिवसेनेतल्या बंडाचे दिवस, गठ्ठा जरा उशिराच फोडला, माझी छाती होईना. साप्ताहिकवाल्यांची त्या आठवड्यांत जी दैना झालीये ती वाचण्यासारखी आहे, अंक छापायला जातो तेव्हा आमदार सुरतेला, हातात पडतो तेव्हा गुवाहाटीला. एका अंकात तर फडणवीस मुख्यमंत्री होणार हे धरून त्यांच्यापुढची आव्हानं वगैरे सांगून मोकळे झालेत, सविस्तर, मंत्रिमंडळ कसं असावं इथपर्यंत. दादाने विचारलं, "वाचलास का? आता ३० जूनला बघ कसे तोंडावर पडतात."

म्हटलं, "नियम काय आहे? मी अजून २७ तारखेला आहे."

"अगं पण तुला माहितीये ना शिंदे झाले ते!"

"मला काही माहीत नाही. ठेव फोन, आव्हानं वाचतेय."